बुधवारी टेबल मोकळं ठेवायचं

अण्णा गेल्याचा फोन रफीकमास्तरांना आला, तेव्हा ते टेबलावर कापड अंथरत होते. आमच्या कारखान्यात शाळेचे गणवेश शिवतात. कटिंगचं एक लांबलचक टेबल आहे. त्यावर कापडाचे थर एकावर एक घालायचे आणि मग मशीननं सगळे एकदम कापायचे, असं ते काम. मास्तर फोनवर "हां वैनी… हां…" एवढंच बोलले. फोन खिशात ठेवला, हातातला थर शेवटपर्यंत अंथरला, सुरकुती राहिली नाही ना ते तळहात फिरवून बघितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "कौसाबाई, अण्णा गये." मला इस्त्रीवरच्या बायकांना सांगायचं होतं, पण आवाज फुटेना. शेवटी मास्तरांनीच मोठ्यानं सांगितलं. शिलाईची मशीनं एकेक करून थांबली. पंखे तेवढे चालू राहिले.

मला चारचौघांत बोलायला जमत नाही. अण्णांच्या दहाव्यालाही सगळे काही ना काही बोलले, मी पदर धरून बसून राहिले. म्हणून आता हे लिहून काढतेय. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण लिहायची सवय मी मोडू दिलेली नाही. हे कुणाला दाखवायचं नाही, माझ्यापाशीच राहील.

अण्णा म्हणजे अंबादास अण्णा. आमच्या कारखान्याचे विक्रीवाले. घर सोलापूरच्या पूर्व भागात, घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि मास्तरांशी भांडतानाही तीच. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. आठवडाभर लातूर, विजापूर, कुर्डुवाडी असं फिरून दुकानदारांकडून, शाळांकडून ऑर्डरी आणायचे आणि मंगळवारी परत यायचे. मी पॅकिंगला लागले तेव्हा अण्णांना कारखान्यात चांगलं म्हणणारं कुणी नव्हतं. ते जिन्यात दिसले की मास्तर कैची आपटायचे. "आ गया बादल लेके! ढग आणतंय नुसतं. बरसनेका पता नहीं." अण्णाही कमी नव्हते. "तुझ्या टेबलावर पाऊस पडला तरी तू म्हणशील, कपडा वला हाय, आज जमत न्हाय." दोघं एकमेकांच्या तोंडाकडं न बघता भांडायचे आणि आम्ही बायका धागे कापत गालात हसायचो. पण त्या भांडणात एक गोष्ट होती, ती आम्हाला तेव्हा कळत नव्हती. दोघंही एकमेकांना खरं सांगत नव्हते.

अण्णांना शाळेनं शंभर म्हटलं तर ते आमच्यात दीडशे सांगायचे, कारण मास्तर कमीच कापणार हे त्यांना ठाऊक. मास्तर नुसतं वीस शर्टांचं काम असलं तरी "जमणार नाही" म्हणायचे, कारण अण्णांचा आकडा फुगलेला असतो हे त्यांना ठाऊक. स्टोअर सांभाळणारे शिवप्पा अक्कलकोटकडचे. ते बटणांची पाकिटं मागं लपवून ठेवायचे आणि "संपत आलीत री" म्हणायचे, म्हणजे ऐन घाईत आपल्यावर ओरडा नको. आणि आम्ही पॅकिंगवाले तयार माल थोडा मागच्या खोलीत ठेवूनच द्यायचो. अडीअडचणीला असावा म्हणून. यात चोरी कुणाचीच नव्हती. घरात बाई डब्याच्या तळाशी मूठभर डाळ ठेवते, तसं प्रत्येकानं आपापलं ठेवलेलं. फक्त दुसऱ्याच्या डब्यात काय आहे हे कुणालाच माहीत नाही.

मग चेक्सच्या शर्टांचं ते वर्ष आलं. एका मोठ्या शाळेत चेक्सचा शर्ट जाऊन साधा आकाशी शर्ट येणार, अशी कुजबुज अण्णांच्या कानावर आली होती. पण नक्की नाही, आणि सांगितलं तर मास्तर कटिंगच थांबवतील म्हणून ते गप्प राहिले. मास्तरांना शिलाईच्या बायका रिकाम्या बसायला नको होत्या, म्हणून त्यांनी चेक्स आधीच कापून ठेवले. आकाशी कापड मिल उशिरा देणार हे शिवप्पांना कळलं होतं, पण त्यांना कुणी विचारलं नाही. आणि मागच्या खोलीत आदल्या वर्षीचे चेक्स तसेच पडलेत हे आम्हाला दिसत होतं, पण आम्हाला तरी कुणी विचारलं? शाळा उघडायची वेळ आली आणि आमच्याकडं चेक्सचा डोंगर, आकाशी एकही नाही. त्या शाळेची मुलं पहिले कितीतरी दिवस घरच्या कपड्यांत शाळेत गेली. थोरले मालक सगळ्यांना ऑफिसात बोलावून इतकं ओरडले की खालच्या चहावाल्यानं विचारलं, "वर काय झालं वो?" प्रत्येकानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं. मालक शेवटी म्हणाले, "अजून एक शाळा अशी गेली तर मी निम्मी मशीनं विकून टाकणार." निम्मी मशीनं म्हणजे निम्म्या बायका, हे सांगायची गरज नव्हती.

त्यानंतरच्या बुधवारी अण्णा सकाळीच वर आले. मास्तर थर घालायला निघाले होते, त्यांना म्हणाले, "मास्तर, अर्धा तास टेबल मोकळं ठेव." मास्तर म्हणाले, "कायकू? नाचनेवाला है क्या तू?" अण्णा हसले नाहीत. त्यांनी टेबलाखालच्या चिंध्यांतून पट्ट्या निवडल्या. खाकी, आकाशी, पांढऱ्या, हिरव्या. एक पट्टी म्हणजे एका शाळेची ऑर्डर. कागदाला टाचणीनं लावलेली पट्टी पक्की, नुसती ठेवलेली कच्ची. आधी त्यांनी सगळ्याच पट्ट्या टाचून मांडल्या. शिवप्पांना बोलावलं, शिलाईकडच्या मुख्य बाईंना बोलावलं, पॅकिंगकडून मला बोलावलं. मग म्हणाले, "आधी माझं खोटं मी भाईर काढतो. ह्यातलं लई काही माझ्या मनातलं हाय. शाळंनं सांगितलेलं न्हाय." आणि एकेक टाचणी काढायला लागले. बघता बघता टेबलावर पक्क्या पट्ट्या मोजक्याच उरल्या. बाकीच्या मोकळ्या. वरच्या पंख्याच्या वाऱ्यानं त्यातल्या चार-पाच उडून मास्तरांच्या पायापाशी पडल्या. मास्तरांनी वाकून उचलल्या. "ये देखो अण्णा, तुम्हारा लातूर उड गया." तेव्हा कुठं सगळे हसले. हसताना शिवप्पांच्या तोंडून निघून गेलं, "काय सांगू री, बटणं हैत माझ्याकडं. भरपूर हैत." मास्तरांनी त्यांच्याकडं असं बघितलं… पण बोलले नाहीत. कारण त्यांच्याही टेबलाखाली कापडाचे दोन गठ्ठे होतेच.

दर बुधवारी हे सुरू झालं. अण्णांनी एक रीत घातली, ती माझ्या जिवावर आली. बोलायला सुरुवात पॅकिंगपासून. मास्तर म्हणाले, "पहिले ऑर्डर, फिर कटिंग, फिर सिलाई. पॅकिंग तो आखिर में." अण्णा म्हणाले, "माल जिथनं भाईर पडतो तिथनं सुरू करायचं. मागं काय साठलंय ते कळल्याबिगर म्होरं काय कापायचं?" म्हणजे सगळ्यांच्या आधी मी! पहिले कितीतरी बुधवार मी नुसती उभी राहिले. मास्तर वैतागायचे, "अरे बोलो बाई, चाय ठंडी होरी." अण्णा कधी "बोला" म्हणाले नाहीत. माझ्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. चहाची कपबशी हातात घेऊन खिडकीबाहेर बघत राहायचे आणि थांबायचे. ते थांबणं असं होतं की त्यात घाई नव्हती, उपकारही नव्हता. एक दिवस मी म्हणाले, "चेक्स अजून हायेत, मागच्या खोलीत." एवढंच. अण्णा म्हणाले, "बरं झालं." आणि चेक्सची एक पट्टी टेबलावर आली. पुढच्या फेरीत त्यांनी ते सगळे शर्ट एका छोट्या गावातल्या शाळेला देऊन टाकले. तिथल्या मुलांना नव्या-जुन्याचं काही नव्हतं. माझ्या एका वाक्यानं मागची खोली रिकामी झाली, याचं मला किती दिवस नवल वाटत होतं.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, हे कुठं शिकलात म्हणून. असं विचारायलाही मला वर्ष लागलं असेल. ते म्हणाले, "आमच्या घरी माग होते. बाप विणायचा, आई सुताच्या कांड्या भरायची. कांडी संपली की माग थांबतो. पण आमची आई कांडी संपायच्या आधी हाक मारायची. संपल्यावर न्हाय. सूत कमी हाय, असं आधीच सांगायची. बापानं तिला कधी विचारलं न्हाय, का कमी हाय म्हणून. तो नुसता हात हळू करायचा." मग म्हणाले, "कारखान्यात आल्यावर मी हे इसरलोच की वो ताई. हितं सगळे संपल्यावर ओरडतात."

एका बुधवारी मी सांगितलं की एका शाळेचे फ्रॉक वेळेत होणार नाहीत. थोरले मालकही त्या दिवशी टेबलापाशी होते. त्यांचा आवाज चढला. "आता सांगतेस? झोपा काढत होतात का सगळ्या?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "मालक, आज वरडलात तर फुडच्या बुधवारी कुणी खरं बोलणार न्हाय. उद्या वरडा." मालक थबकले. "उद्या गुरुवार. गुरुवारी माझा उपवास असतो." "मग तर लईच चांगलं." मालकांना हसू आवरलं नाही. फ्रॉक थोडे उशिरा गेले, पण त्या शाळेला अण्णांनी आधीच सांगून ठेवलं. आधी सांगितलं की माणसं निम्मं माफ करतात, असं ते म्हणायचे. सगळेच करत नाहीत, हेही खरं. अण्णा दुकानदारांना तोंडावर "एवढं जमणार नाही" सांगायला लागले, तेव्हा त्यांचा एक फार जुना दुकानदार कायमचा दुसरीकडं गेला. अण्णांच्या मुलाच्या लग्नालाही आला नाही. ते त्यांना लागलं होतं. पण त्यांनी बुधवार सोडला नाही. आणि मशीनं विकायचं पुन्हा कुणाच्या तोंडी आलं नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर अण्णांचं पोट दुखायला लागलं. तपासण्या, पुण्याच्या फेऱ्या, मग घरीच. त्याच सुमारास थोरल्या मालकांनी कारभार मुलाच्या हाती दिला. धाकटे मालक स्वभावानं वाईट नाहीत. बायकांशी अहो-जाहो करतात. त्यांनी सगळ्यांच्या मोबाइलवर एक तक्ता पाठवला. कोणाकडं काय तयार, काय बाकी, ते रोज भरायचं. "अर्धा तास मशीनं बंद ठेवून उभं राहण्यापेक्षा हे सोपं," म्हणाले. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही, तक्ता खरंच सोपा होता. पण थोड्याच दिवसांत शिवप्पांच्या रकान्यात बटणं पुन्हा संपत आली आणि मास्तरांच्या रकान्यात विसाचं काम "जमणार नाही" झालं. तक्त्यात कुणी कुणाचं तोंड बघत नाही. बुधवारी टेबलावर थर पडायला लागले.

मी अण्णांना शेवटचं भेटले ते त्यांच्या घरी. वैनींनी त्यांना उशी लावून बसवलं होतं. इतके बारीक झाले होते की खिशातली पेनं तेवढी ओळखू आली. थोडं इकडचं तिकडचं झालं आणि त्यांनी विचारलं, "बुधवार बंद झाला न्हवं?" मी मान खाली घातली. मला वाटलं, वाईट वाटेल त्यांना. पण ते म्हणाले, "मला वाटलंच होतं. ताई, मी झोपून झोपून लई विचार केला. तुमी सगळे माझ्या भिडंखातर बसत होता का? का सवय झाली होती?" मी म्हणाले, "तसं न्हाय अण्णा…" "थांबा. भीड असंल तर ती माझ्यासंगं जाऊ द्या. भिडंचं काम माणूस गेल्यावर ऱ्हात न्हाय. ओढून-ताणून चालवू नका. पण सवय असंल तर…" त्यांना दम लागला. वैनी पाणी घेऊन आल्या. वाक्य पुरं झालं नाही. मी निघताना ते पुन्हा म्हणाले, "मला ते कळायला पायजे होतं बघा." अण्णांना दुसरं काही नको होतं. पोटाच्या दुखण्यापेक्षा त्यांना ते जास्त छळत होतं, असं मला त्या दिवशी वाटलं. आणि मार्गशीर्षात ते गेले. कळलं नाहीच त्यांना.

त्यांच्यामागं सव्वीस जानेवारीची घाई सुरू झाली. कवायतीचे पांढरे कपडे. एका मोठ्या शाळेची ऑर्डर धाकट्या मालकांनी स्वतः घेतली होती. तक्त्यात सगळ्यांनी "होईल" भरलं. मीही "होईल" भरलं. पण सोलापुरात राहणाऱ्याला सांगायला नको की मध्ये संक्रांत येते, सिद्धेश्वराची यात्रा येते, गड्ड्याची जत्रा भरते. दरवर्षी आम्ही बायका ऑफिसात "येतो की" म्हणतो आणि दरवर्षी त्या दिवसांत निम्मी मशीनं रिकामी असतात. कुणाकडं लेक माहेरी आलेली, कुणाच्या घरी पाहुणे, कुणाला पोरांना पाळण्यात बसवायचं. रजा मागितली तर मिळणार नाही, म्हणून मागायचीच नाही, असं आमचं चालत आलेलं. फक्त अण्णांच्या बुधवारी हे उघड बोललं जायचं. तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यातल्या बुधवारी मी कामावर आले आणि जिन्यातच थांबले. टेबलावर कापड नव्हतं. मास्तर हात मागं बांधून उभे होते. मला वाटलं कापड आलं नसेल. पण गठ्ठे भिंतीशी होते. "मास्तर, थर घालायचे न्हायत?" "बैठनेका है आज." "कुणी सांगितलं?" "कोई नहीं बोला." तेवढ्यात शिवप्पा खालून बटणांची सगळी पाकिटं ट्रेमध्ये घेऊन आले आणि टेबलाच्या एका टोकाला मांडून ठेवली. शिलाईच्या बाई आल्या. पट्ट्या मास्तरांनीच काढून ठेवल्या होत्या, सगळ्या पांढऱ्या.

मशीनं बंद पडलेली ऐकून धाकटे मालक वर आले. "काय झालं? लाइट गेली का?" मास्तर म्हणाले, "नहीं मालक. आओ, खडे रहो." ते आले. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. पॅकिंगपासून सुरुवात, हे सगळ्यांना माहीत होतं. खिडकीपाशी थांबणारं आता कुणी नव्हतं. मला वाटलं, आता मी गप्प बसले तर हे सगळे दोन मिनिटांनी आपापल्या जागी जातील, आणि अण्णांना जे कळायचं होतं त्याचं उत्तर तेच असेल. मी म्हणाले, "तक्त्यात होईल भरलंय. पण होणार न्हाय. गड्ड्याला माझ्यातल्या निम्म्या बायका येणार न्हायत." मालक म्हणाले, "कोण नाही येणार?" मी म्हणाले, "एक तर मीच."

शिलाईच्या बाई फसकन हसल्या. "माझ्यातल्या तर दोनच येणार वो मालक. त्याबी नव्या हैत म्हणून." मालकांच्या कपाळावर आठी आली. ते काही बोलणार इतक्यात मास्तर म्हणाले, "और मालक, आप? बाराबंदी पेहेनके आप भी जाते ना हर साल काठी के पीछे?" यात्रेत नंदीध्वजाच्या काठ्यांची मिरवणूक निघते, तीत बाराबंदीचा अंगरखा घालून मालकांच्या घरचे सगळे असतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मालक गोरेमोरे झाले. मग हसले. "मी तर अक्षतेच्या दिवसापासूनच इथं नाहीये मास्तर." "तो फिर?"

मालकांनी टेबलावरच्या पट्ट्या मोजल्या. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि आम्हा सगळ्यांच्या देखत शाळेच्या मुख्याध्यापकांना लावला. स्पीकरवर. "सर, सगळे कपडे सव्वीसच्या आधी होणार नाहीत. आजच सांगतोय." तिकडून मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, मला पुढच्या रांगा पांढऱ्या दिसल्या म्हणजे झालं. संचलनाची मुलं आणि लेझीमच्या मुली. बाकीची पोरं मागं सतरंजीवरच बसलेली असतात. त्यांचे फेब्रुवारीत द्या की!" शिवप्पा कपाळावर हात मारून म्हणाले, "हे आधी कुणी विचारलंच नव्हतं री." मास्तरांनी बऱ्याचशा पट्ट्या बाजूला सरकवल्या. उरल्या तेवढ्या यात्रेच्या आधी आणि नंतर मिळून सहज होणार होत्या, आणि झाल्या. सव्वीसला त्या शाळेच्या पुढच्या रांगा पांढऱ्याशुभ्र होत्या, मालकांनी फोटो दाखवला.

मला राहून राहून एकच वाटतं. गिऱ्हाइकाला सगळ्यांसमोर फोन लावायचं अण्णांनी कधी केलं नव्हतं. ते एकटेच जाऊन बोलायचे, एकटेच ऐकून घ्यायचे. हे त्यांच्या माघारी झालं, आणि त्यांना न विचारता झालं.

आता बुधवारी टेबल मोकळं असतं. काज-बटणवाल्या दोघी, इस्त्रीवरची एक, अशा आणखी बायका यायला लागल्यात. सुरुवातीला सगळे खिडकीजवळची अण्णांची जागा सोडून उभे राहायचे. परवा बघितलं तर तिथं इस्त्रीवरची मालन उभी होती, कपबशी हातात, कुणाशी तरी काजांवरून तावातावानं भांडत. तिला अण्णा माहीतही नाहीत, ती संक्रांतीनंतर लागली. मी तिला जरा सरक म्हणणार होते. मग म्हटलं, राहू दे. तेवढीच जागा उरली होती.